हेमगर्भाचे दोन वळसे

देवासात गणोजी काखेत लाकडी पेटी मारून रस्त्याने निघाला, की ओट्यांवरच्या गप्पा थांबत. कुठे निघालास म्हणून कोणी विचारत नसे. तो कोणत्या गल्लीत वळतो एवढंच सगळे बघत. थोरल्या पातीकडे वळला की धाकट्या पातीतल्यांचा जीव भांड्यात पडे, धाकटीकडे वळला की थोरलीतल्यांचा. एका गावात दोन राजे, दोन कचेऱ्या, रस्त्याच्या मधोमध हद्द. पण मोरोपंत वैद्य दोघांत मिळून एकच, आणि त्यांची ती पेटी उघडणारा गणोजीही एकच.

माणूस मात्र तसा सुतकी तोंडाचा नव्हता. बोलका, थट्टेखोर, थंडीच्या दिवसांत गराडूच्या कंदाचे काप तळणाऱ्याच्या कढईपाशी हमखास सापडणारा. कोणी "काय भिया, आज पेटी नाही?" म्हणून चिडवलं, तर "तुझीच वाट बघत बसलीय घरी," असं ऐकवून पुढे जाणारा. त्याचे वाडवडील पवारांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले. पुढे घोडी गेली, तलवारी गंजल्या, आणि चौदाव्या वर्षी ह्याच्या हातात मोरोपंतांनी दगडी खल दिला. ह्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. एकेक भस्म सात-सात दिवस खलावं लागे. चाळीस वर्षांत उजवा खांदा डाव्यापेक्षा एवढा भरला, की अंगरखा शिवताना शिंपी दोन्ही खांद्यांची मापं वेगळी घ्यायचा.

औषधाला सोवळं-ओवळं नसतं, असं पंतांनी आपल्या बायकोला, माईंना, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे वैद्यांच्या घरात गणोजीला माजघराच्या उंबऱ्यापर्यंत मोकळीक होती. त्या पेटीची किल्लीसुद्धा त्याच्याच कमरेला असे.

पेटीत होती हेमगर्भाची मात्रा. सोनं, पारा आणि कायकाय घालून केलेली, करंगळीच्या पेराएवढी, दगडासारखी कडक. माणूस निघण्याच्या बेतात असला, हातपाय गार पडू लागले, की ती मात्रा मधात सहाणेवर उगाळायची. दोन वळसे, जास्त नाही. ते चाटण बोटाने जिभेला लावलं, की गेलेली ऊब परत येई, डोळे उघडत, माणूस बोलेही. कधी तासभर, कधी दिवसभर. मग जायचा तो जायचाच. पंत प्रत्येक घरात स्वच्छ सांगत, "हे औषध नाही. ह्याने माणूस बरा होत नाही, थोडा थांबतो."

आणि हे थांबणं कधीकधी फार मोलाचं असे, हे गणोजीने डोळ्यांनी पाहिलं होतं. एका म्हातारीची लेक बदनावरहून बैलगाडीने निघालेली, दोन दिवसांची वाट. म्हातारीला त्याने मात्रेवर धरून ठेवलं. लेक आली, म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला, "किती काळी झालीस गं उन्हाने" म्हणाली आणि गेली. त्या दिवशी गणोजी मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडला. पण दुसऱ्या एका घरी एका म्हाताऱ्याला मुलांनी तीनदा परत आणवलं. कोणी यायचं नव्हतं, काही बोलायचं नव्हतं; नुसतं सोडवत नव्हतं. "एक फेरो ओर दई दो काका," असं थोरला मुलगा हात जोडून म्हणत होता, आणि बाजेवरचा म्हाताराही गणोजीकडे बघून हातच जोडत होता. दोघांचं मागणं अगदी उलट होतं.

माळव्यात अफूला तोटा नव्हता. कळा असह्य झाल्या की पंत मुगाएवढी गोळी देत. एकदा एका सुनेने गणोजीला दाराआड गाठून विचारलं, "काका, थोडी जास्त देता? सुटतील बिचारे." ती दुष्ट नव्हती, सहा महिने तिने सासऱ्याचं सगळं केलं होतं. गणोजीने दिली नाही, पण ती गोष्ट पंतांना सांगितली. पंतांनी अफूची डबी मिटून ठेवली. मग म्हणाले, "दुखणं कमी करणं हे आपलं काम. माणसाला ढकलायचं नाही, गणोजी. आणि ओढायचंही नाही."

"मग मात्रा कशाला देतो आपण?"

"ते मलाही अजून पुरतं कळलेलं नाही," पंत म्हणाले, आणि पोथीत डोकं घातलं.

आता यमुनेचं सांगायला हवं. यमुना गणोजीची बायको. ही पेटी त्याने एकदा स्वतःच्या घरात उघडली होती, आणि तीही कोणाला न विचारता.

तान्हं मूल गेलं आणि मागोमाग यमुनेला बाळंतरोगाने धरलं. चार महिन्यांत ती एवढी वाळली, की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पोटात कळ उठली की पदराचा बोळा दातांत धरायची. पंत म्हणाले, "आता फार दिवस नाहीत. फार दुखलं तर गोळी दे, बाकी जवळ बसून राहा." एका दुपारी कळा थांबल्या. श्वास मंदावला, चेहरा सैल झाला, पावलं गार पडायला लागली. शेकडो घरांत हेच पाहिलेल्या माणसाला हे कळलं नसेल? कळलं, चांगलं कळलं. पण त्याला तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. नुसतं "येते" म्हणाली असती तरी त्याने जन्मभर पुरवून वापरलं असतं. तो धावत पंतांकडे गेला. पंत धारला गेलेले. किल्ली कमरेला होती.

त्याने दोनाच्या जागी सहा वळसे घेतले.

यमुना परतली. अंगात ऊब आली, डोळे उघडले, तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. आणि म्हणाली, "का उठवलंत? आत्ताच तर दुखायचं थांबलं होतं."

ती आणखी दोन दिवस जगली, आणि तिच्याबरोबर तिचं दुखणंही जगलं. ते दोन दिवस गणोजी तिच्यासमोर गेलाच नाही. तोंड दाखवायची हिंमत होईना. तो वैद्यांच्या पडवीत बसून खल चालवत राहिला. शेजारच्या बायका तिच्याजवळ होत्या. माईही दोन्ही दुपारी तिच्यापाशी जाऊन बसल्या. घरी ये म्हणून निरोप आला की हा म्हणे, खल अर्धा आहे, मध्ये सोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात जो निरोप आला, त्याला मात्र खल सोडून उठावं लागलं.

लोकांनी विचारलं, "शेवटी काही बोलली का रे?" हा म्हणाला, "म्हणाली, जपून राहा." पुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं. पण एकटा असला की त्याला ऐकू यायचं ते खरं वाक्य. त्याने दुसरं लग्न केलं नाही. अकरा वर्षं तो मनातल्या मनात तिला एकच विनवत होता, की दुसरं काहीतरी बोल. रागाव, चार शिव्या दे, पण दुसरं काहीतरी बोल गं.

१९०९च्या पौषात मोरोपंतांनी स्वतः अंथरूण धरलं. जलोदर. दुसऱ्याचं निदान चटकन सांगणाऱ्या माणसाने स्वतःचंही सांगून टाकलं, "महिना. फार तर सव्वा." माईंनी नीलकंठाला तार करवली.

नीलकंठ त्यांचा एकुलता एक मुलगा. इंग्रजी वैद्यकी शिकून सहा वर्षांपूर्वी घरी आला, आणि आल्या आल्या पहिल्याच जेवणाला म्हणाला, "बाबा, तुमची ही मात्रा म्हणजे मरणाऱ्याच्या पाठीवर चाबूक आहे." पंत म्हणाले, "तर मग तुझं घर दवाखान्यात." बाप तसा लेक, एकाने या म्हटलं नाही, दुसऱ्याने येऊ का विचारलं नाही. नीलकंठ नागपुरास एका दवाखान्यात लागला तो तिकडेच राहिला. घरात त्याचं नाव निघत नसे. मात्र रस्त्यावर टांग्याची घुंगरं वाजली, की पंतांचं पोथीवरचं बोट ओळीत थांबायचं, टांगा पुढे गेला की पुन्हा सरकायचं. हे माईही पाहत होत्या आणि गणोजीही.

एका सकाळी पंतांनी गणोजीला पेटी आणायला लावली. मात्रा बोटांत धरून उजेडात फिरवली.

"हिचं टोक एकदा एकदम झिजलं होतं. मी धारहून परतलो तेव्हाच पाहिलं. पाच वळसे असतील."

"सहा," गणोजी म्हणाला.

"बोलली?"

"बोलली, पंत."

काय बोलली ते पंतांनी विचारलं नाही. मात्रा त्याच्या हातावर परत ठेवली. "माझ्या वेळी एकही वळसा नको. ढकलू नकोस, ओढू नकोस. शब्द दे." गणोजीने दिला. पंतांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "नीळू आला तर बघेन. आणि असं कर, माझं अंथरूण फिरव. दार दिसेल असं घाल."

सहा वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं. गणोजीने अंथरूण फिरवलं.

नीलकंठाची तार आली: निघालो, मंगळवारी संध्याकाळी पोहोचतो. सोमवारी रात्री पंतांचं बोलणं बंद झालं. मंगळवारी सकाळी ऊन अंगणात उतरलं, तेव्हा पावलं गार लागायला लागली होती. त्यांना खाली जमिनीवर घेतलं, तोंड दाराकडेच ठेवलं.

माई आजवर गणोजीशी उंबऱ्याच्या आतून बोलत. त्या दिवशी उंबरा ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पेटी काढ, गणोजी."

"माई, पंतांनी शब्द घेतलाय."

"तुझ्याकडून घेतला, माझ्याकडून नाही. दिवेलागणीपर्यंत, रे. आठ तास. गावात कोणाकोणासाठी तू माणसं थांबवलीस, आणि माझ्या घरात आठ तास जड झाले तुला? सहा वर्षं हा माणूस टांगे मोजतोय. तुझ्या शब्दापायी ह्यांनी तसंच जायचं?" आणि त्या मानी बाईने त्याच्यासमोर पदर पसरला.

त्यांचं चुकत नव्हतं. गणोजीलाही तेच हवं होतं. पंतांनी एकदा डोळे उघडावेत, "खल नीट चालव रे" म्हणून एकदा खेकसावं, ह्यासाठी त्याचाही जीव तुटत होता. त्याने पेटी उघडली. सहाणेवर मध घेतला. एक वळसा झाला. दुसरा झाला. चाटण बोटावर घेऊन तो पंतांच्या तोंडापाशी वाकला, आणि त्याला त्यांचा चेहरा दिसला. कपाळाची आठी गेली होती. ओठ सैल झाले होते. हा चेहरा त्याने अकरा वर्षांपूर्वी एका बाजेवर पाहिला होता.

तो तसाच मागे वळला. "माई, यमुना जपून राहा म्हणाली नाही. ते मी खोटं सांगितलं गावाला."

"हे काय आता?"

"म्हणाली, का उठवलंत, आत्ताच तर दुखायचं थांबलं होतं. ओढून आणली मी तिला, माझ्यासाठी. आणि आणल्यावर तिच्यापाशी बसलोसुद्धा नाही. तोंड लपवून खल घोटत बसलो." त्याने सहाण माईंसमोर धरली. "ही तयार आहे. तुम्ही हौ म्हणा, आत्ता लावतो, शब्द मोडल्याचं पाप माझं. पण ते उठले आणि तेच म्हणाले, तर जन्मभर ते तुम्हाला ऐकत बसावं लागेल. ते फार वाईट असतं, माई."

टेकडीवरच्या देवीच्या देवळातली घंटा वाजली. माई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"आत्ता दुखतंय का त्यांना?"

"नाही. आत्ता काही दुखत नाहीये."

माईंनी सहाण त्याच्या हातातून घेतली आणि कोपऱ्यात ठेवून दिली. गंगेची लोटी आणली. "पाय चोळ त्यांचे," त्या म्हणाल्या, "थंडी त्यांना कधी सोसली नाही."

गणोजी पायांशी बसला, आणि ह्या वेळी तो तिथून हलला नाही. भर दुपारी रस्त्यावर घुंगरं वाजली. पंतांच्या पापण्या हलल्या, निदान गणोजीला तसं वाटलं. टांगा न थांबता सरळ निघून गेला. त्यानंतर घटकाभराने त्याच्या हातातले पाय नुसते पाय राहिले.

दिवे लागले तेव्हा दुसरा टांगा आला. "वैदजी को घर यो ई है कंई?" असं टांगेवाला ओरडला, आणि नीलकंठ धडपडत खाली उतरला. दारातूनच त्याला सगळं दिसलं. तरी डॉक्टर तो डॉक्टर; त्याने बापाचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"कधी?"

"दुपारी," गणोजी म्हणाला.

"मात्रा होती ना घरात?" त्याचा आवाज चढला. "काका, एक वळसा तरी द्यायचा! एवढे चार तास नव्हतं का धरता येत?" ज्याने त्या मात्रेला चाबूक म्हटलं होतं, तोच हा. त्याची आठवण त्याला कोणी करून दिली नाही. तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला आणि लहान आवाजात म्हणाला, "माझ्यासाठी काही म्हणाले का?"

माई पंतांच्या उशाशी दिव्याची वात सारत होत्या. मान वर न करता, जराही न अडखळता त्या म्हणाल्या, "म्हणाले, नीळू दमून येईल. आधी त्याला जेवायला घाला, मग बाकीचं."

पंत आदल्या रात्रीपासून एक अक्षर बोलले नव्हते. नीलकंठाने गणोजीकडे पाहिलं. "खरं, काका?"

"हौ. मी इथंच होतो, पायाशी. ऐकलं मी."

तेव्हा कुठे नीलकंठ रडला. एवढं मोठं माणूस, पण जेवण्यावरूनच रडत राहिला.

चौदावा झाला, नीलकंठ नागपुरास परतला. जाताना पेटीचं काय करायचं म्हणून त्याने विचारलं, तर माई म्हणाल्या, "असू दे गणोजीकडे, त्याला कळतं कधी उघडायची नाही ते." दोन दिवसांनी त्यांनी गणोजीला बोलावून घेतलं. विधवेचं तांबडं आलवण नेसून त्या आतल्या खोलीत वाती वळत बसल्या होत्या.

"गणोजी, यमुना तेवढंच बोलून गेली नाही."

तो उंबऱ्यावर हात ठेवून उभा राहिला.

"दुसऱ्या दुपारी मी होते ना तिच्यापाशी. मला म्हणाली, 'माई, कळ होती म्हणून बोलून गेले मी. त्यांना फार लागलं असेल. त्यांना म्हणावं, या, जरा बसा माझ्याजवळ.' निरोप मीच धाडला होता. तू सांगितलंस, खल अर्धा आहे."

"हे मला अकरा वर्षांत सांगितलं नाही, माई?"

"तू सगळ्यांना सांगत होतास, जपून राहा म्हणाली. मला वाटलं, तुझ्या वाट्याला तिचं काही गोड आलंय. मग ती दाराकडे बघत गेली, हे कशाला सांगायचं होतं मी तुला?"

गणोजी त्यांच्याकडे बघत राहिला. माईंची मान खाली होती, बोटं वातीवर चालली होती, आवाज एकसारखा होता. त्या संध्याकाळी दिव्याची वात सारताना होता, अगदी तसाच. खरं का हो, माई? प्रश्न त्याच्या जिभेवर आला. माई हो म्हणाल्या असत्या, तर त्यांचं हो कसं असतं ते त्याने पाहिलं होतं. नाही म्हणाल्या असत्या, तर अकरा वर्षांनी मिळालेलं यमुनेचं ते दुसरं वाक्यही गेलं असतं. त्याने विचारलं नाही. वाकून नमस्कार केला आणि निघाला.

घरी येऊन त्याने पेटी फळीवर ठेवली. यमुनेची बाज जिथे असायची तिथे घोंगडी अंथरली आणि भिंतीला भरलेला खांदा टेकून तो बसला. इथून दार सरळ समोर दिसतं, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. बाहेर दिवस अजून बराच होता. रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली, "ओ काका, गरम गराडू निघतायत, चलताय का?"

"आज नको, भिया," गणोजी आतून म्हणाला. "बसलोय जरा."